बटणाला नाव द्या



भंडारा जिल्ह्यातला धानाचा हंगाम आता अर्धा बांधीत आणि अर्धा मोबाइलमध्ये पार पडतो. रोवणी अजून चिखलातच होते. पण रोवलेल्या धानाची नोंद सात-बारावर चढवायची तर ई-पीक पाहणीचे अ‍ॅप उघडावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पद्धत सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहायचे, गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, उभ्या पिकाचा फोटो काढायचा. आधारभूत किमतीने धान विकताना नोंदणीच्या वेळी हीच पीकनोंद बघितली जाते. मग खरेदी केंद्र, मग चुकारे, आणि चुकारे जमा झाले की नाही हे सांगणारा बँकेचा संदेश. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत ही साखळी सारखीच आहे. या साखळीतली किती कामे पूर्ण अंध शेतकरी दुसऱ्या कोणाला न बोलावता करू शकेल, असा प्रश्न विचारला तर पहिल्याच पायरीवर अडायला होते, कारण तिथे फोटो मागितलेला आहे. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. शेतकरी तलाठ्याच्या वेळेवर अवलंबून राहू नये, त्याची नोंद त्यानेच करावी, हा हेतू चांगलाच होता. राहून गेलेल्यांसाठी गावपातळीवर सहायकाची सोयही आहे. पण डोळस शेतकऱ्याचे परावलंबन कमी करणारी योजना अंध शेतकऱ्याला पुन्हा एका मध्यस्थाच्या हवाली करते, आणि हे तिच्या आखणीतच आहे.

आज मला मांडायचे आहे ते एवढेच, की अंध माणसाला न चालणारे अ‍ॅप हे सदोष अ‍ॅप आहे, आणि ते बनवणाऱ्याशी बोलताना आपण दोषाच्याच भाषेत बोलले पाहिजे. करुणेच्या भाषेत बोललो की समोरचा हळहळतो आणि कामाच्या यादीत आपला मुद्दा सर्वांत खाली लिहून ठेवतो. दोष म्हणून मांडला की त्याला क्रमांक मिळतो, तो कोणाच्या तरी नावावर पडतो, आणि कधी मिटणार हे विचारता येते. वरवर हा फरक फार लहान वाटतो. माझ्या मते सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. अंध व्यक्ती फोन वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधाराने. अँड्रॉइडवर त्याला टॉकबॅक म्हणतात, आयफोनवर व्हॉइसओव्हर. दोन्ही २००९ च्या सुमारास आले आणि फोनमध्ये ते विनामूल्य असतात. बोट सरकवले की पडद्यावरचा एकेक घटक बोलून दाखवला जातो, दोनदा टिचकी मारली की तो दाबला जातो. अँड्रॉइडवर हे साधन आणणाऱ्या गूगलच्या गटाचे अग्रणी टी. व्ही. रामन हे स्वतः अंध. पुण्यात वाढलेले, पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेतलेले, आयआयटी मुंबईत शिकून पुढे कॉर्नेलला गेलेले. म्हणजे या तंत्राच्या मुळाशी आपल्याच राज्यात शिकलेला एक गणिती आहे. अंध माणूस हा तंत्रज्ञानाचा केवळ लाभार्थी, ही समजूत त्याच्यापुढे टिकत नाही. पण स्क्रीन रीडर चित्र बघून अर्थ लावत नाही. डेव्हलपरने त्या घटकाला जे नाव दिलेले असते तेच तो वाचतो. घराचे चित्र असलेल्या बटणाला ‘मुख्य पान’ असे नाव दिले नसेल तर ऐकू येते ते फक्त ‘लेबल नसलेले बटण’. अशी पाच बटणे ओळीने असली तर पैसे पाठवण्याचे कुठले आणि व्यवहार रद्द करण्याचे कुठले, हे कळायला मार्ग नाही. हे नाव देणे म्हणजे बहुतेक वेळा कोडमधली एक ओळ.

ही ओळ किती जण लिहितात? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ५,७५३ विनामूल्य अँड्रॉइड अ‍ॅपची तपासणी केली होती. त्यांतल्या ४५.९ टक्के अ‍ॅपमध्ये चित्ररूप बटणांपैकी १० टक्क्यांनाही नावे नव्हती. उलट ३५.९ टक्के अ‍ॅपमध्ये ९० टक्के किंवा त्याहून जास्त बटणांना नावे होती. मधल्या सगळ्या पायऱ्यांवर मिळून उरली ती जेमतेम १८ टक्के अ‍ॅप. आकडे परदेशी संशोधनाचे आणि काही वर्षांपूर्वीचे आहेत, पण त्यांची ठेवण मला फार बोलकी वाटते. हे काम खरोखर अवघड असते तर बहुतेक अ‍ॅप मध्यावर सापडली असती: थोडे जमले, थोडे राहिले. तसे दिसत नाही. ज्यांना ठाऊक होते त्यांनी जवळजवळ सगळे केले, ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी जवळजवळ काहीच केले नाही. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अशी, की पडद्याच्या कोपऱ्यात तरंगणाऱ्या गोल बटणांपैकी ९२ टक्के बिननावाची निघाली, तर जुन्या पद्धतीच्या चित्रबटणांत हे प्रमाण ५४.७ टक्के होते. दोन्हींना नाव द्यायचे कष्ट सारखेच. फरक पडला तो सवयीने, नमुना-कोडने आणि कोड लिहिताना मिळणाऱ्या सूचनांनी, असा अर्थ मी काढतो. तसे असेल तर डेव्हलपरच्या हृदयाला हात घालण्याची गरज फारशी नाही. त्याला माहीत करून देणे आणि त्याच्या कामाच्या पद्धतीत ही तपासणी बसवणे, एवढेच उरते.

पहिला आक्षेप संख्येचा असतो. असे वापरणारे किती? २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणाप्रमाणे देशात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आहे. पन्नाशीपुढच्या लोकांत मात्र ते १.९९ टक्के. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. देशाची सरासरी इथे लावली तर सुमारे ४,३०० माणसे होतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, जिल्ह्याची मोजणी नव्हे. शिवाय यात अंधुक दिसणारे धरलेले नाहीत, आणि अक्षर मोठे केले की ज्यांच्या पडद्यावरून बटणच नाहीसे होते असे म्हातारेही धरलेले नाहीत. कंपनीच्या दृष्टीने ही संख्या लहान आहे, हे कबूल करायला हरकत नाही. ‘अंधांची मोठी बाजारपेठ आहे’ असे डेव्हलपरला पटवू पाहणारे लोक असतात. मला तो मार्ग कच्चा वाटतो, कारण उद्या आकडा लहान निघाला तर आपणच दिलेला युक्तिवाद आपल्यावर उलटतो. खरे उत्तर वेगळे आहे. सात-बारा, धान नोंदणी, बँक, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र यांना पर्याय नसतो. एखादा खेळ नाही चालला तर दुसरा खेळता येतो. जमिनीच्या नोंदीचे दुसरे दुकान नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जून २०२१ पासून ऑनलाइन यंत्रणेतूनच मिळते. जी सेवा एकाच दाराने मिळते तिथे दारातून न जाऊ शकणारे किती, हा हिशेब गैरलागू आहे. आणि ‘आमच्याकडे अंध ग्राहक नाहीत’ असे म्हणणाऱ्याने एवढे पाहावे, की अ‍ॅप उघडता न आलेला माणूस त्याच्या आकडेवारीत येईलच कसा?

दुसरा आक्षेप आपल्या भागात जास्त ऐकू येतो, आणि तो प्रेमाने केला जातो, म्हणून जास्त जड आहे. घरात कोणी ना कोणी असतेच. नातू करून देईल, सेवा केंद्रातला मुलगा करून देईल. गावातला हा एकमेकांना धरून राहण्याचा स्वभाव खरा आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण सहायकाला काय द्यावे लागते ते बघा. फोन द्यावा लागतो, पिन सांगावा लागतो, ओटीपी वाचून घ्यावा लागतो, खात्यात किती आहेत ते कळू द्यावे लागते. एकीकडे प्रत्येक बँक रोज बजावते की पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नका. दुसरीकडे तिचेच अ‍ॅप बोलत नसेल तर सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि विपरीत घडले तर? फसव्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याबाबत रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आहे. ग्राहकाने स्वतःचा पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा, असे ते सांगते. डोळस ग्राहकाच्या बाबतीत हा नियम वाजवी आहे. अंध ग्राहकाला मात्र अ‍ॅप आधी पिन सांगायला भाग पाडते आणि नियम मग त्याला निष्काळजी ठरवतो. नातू प्रामाणिक आहे की नाही, हा मुद्दाच नाही.

तिसरा आक्षेप जाणकारांचा, आणि यात तथ्य आहे. स्क्रीन रीडर ज्या वाटेने पडदा वाचतो त्याच वाटेने चोर अ‍ॅपही वाचू शकते. पैसे लुबाडणाऱ्या अनेक अँड्रॉइड विषाणूंनी या सोयीचा गैरवापर केलेला आहे, म्हणून काही आर्थिक अ‍ॅप अशा सेवा चालू दिसल्या की सरसकट दार लावून घेतात. धोका खरा असला तरी हा उपाय आळशी आहे. अँड्रॉइडच्या १४ व्या आवृत्तीपासून डेव्हलपरला संवेदनशील मजकूर फक्त अपंगत्वासाठी घोषित केलेल्या साधनांनाच दाखवण्याची सोय आहे. टॉकबॅकला वाट आणि अनोळखी सेवेला मज्जाव, असा भेद करता येतो. कॅप्चाचेही तेच. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून दाखवा म्हणजे तुम्ही यंत्र नाही, ही कसोटी आज यंत्र सहज पार करते आणि अंध माणूस नापास होतो. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा, ही अट तर आणखी पुढची. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि पूर्ण अंध असलेले वकील अमर जैन यांनी यावर स्वतंत्र याचिका केल्या, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून केवायसीची प्रक्रिया बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला त्याची पापणीच लवली पाहिजे, असे कोणत्या तरी बैठकीत ठरले होते आणि त्या बैठकीत कोणालाच ते खटकले नव्हते.

खर्चाविषयी मात्र खोटे बोलू नये. बटणाला नाव देणे स्वस्त आहे. सगळेच स्वस्त नाही. स्वतः रंगवलेले तारखेचे कॅलेंडर, बोटाने ओढायची पट्टी, नकाशावर शेताची हद्द दाखवणे, आलेख, आपोआप सरकणाऱ्या जाहिराती, यांना विचार आणि वेळ लागतो. पीक पाहणीतला फोटो तर लेबल लावून सुटणार नाही. तिथे फोटोऐवजी दुसरा पुरावा चालेल का, हे महसूल खात्याने ठरवायचे आहे, डेव्हलपरने नव्हे. पण या अवघड गोष्टी अंधांच्या तक्रारींत शेवटी येतात. बऱ्याच ठिकाणी गाडी साध्या लेबलावर, घटक वाचताना उडी मारणाऱ्या क्रमावर आणि ओटीपीच्या मुदतीवरच अडलेली असते, आणि तपासायची साधने फुकट आहेत. गूगलचा अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर आहे. आयफोनच्या विकासकांना अ‍ॅपलचा इन्स्पेक्टर आहे. आणि सर्वांत सोपे म्हणजे टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून स्वतःचेच अ‍ॅप दहा मिनिटे चालवून पाहणे. आता नवे उत्तर ऐकू येते की हे सगळे कृत्रिम बुद्धिमत्ता करून देईल. चित्रावरून बटण ओळखण्याची सोय फोनमध्ये आलेली आहे आणि अडल्यावेळी ती उपयोगी पडते. पण तो अंदाज असतो, आणि ‘पुष्टी करा’ व ‘रद्द करा’ यांच्यात अंदाजाने दाबायचे नसते. अमेरिकेत संकेतस्थळावर एक पट्टी बसवली की ते आपोआप सुगम्य होते, अशा जाहिराती करणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी या कंपनीला दिशाभूल केल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. अंधांसाठी वेगळेच अ‍ॅप काढू, हाही एक सुचवला जाणारा मार्ग आहे. नोटा ओळखणारे रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे अ‍ॅप १ जानेवारी २०२० रोजी आले. तिथे ते योग्यच आहे, कारण काम मुळात नजरेचे आहे. बँकेच्या व्यवहाराला वेगळे अ‍ॅप काढले तर वर्षभरात ते मागे पडते. मुख्य अ‍ॅपमध्ये नव्या सोयी येतात आणि याची आठवण कोणालाच राहत नाही.

मग कायदा आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवादात्यांना सुगम्यतेचे नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०१९ मध्येच सरली. आपल्या शेजारच्या नागपूरचे राहुल बजाज, अंध वकील आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे मानकरी, यांनी डॉक्टरांची वेळ ठरवून देणाऱ्या प्रॅक्टो या अ‍ॅपविरुद्ध दिव्यांगजनांच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार केली, आणि २०२२ मध्ये ते सुगम्य करण्याचा निर्देश आला. खासगी कंपनीलाही हे बंधन आहे, हे त्यातून ठळक झाले. दुसऱ्या बाजूला राजीव रतुरी यांची सुगम्यतेसाठीची याचिका पाहा. ती २००५ ची. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कायदा सक्ती करतो तर नियमांनी नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर भागवून चालणार नाही, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. एकोणीस वर्षे. अ‍ॅपची नवी आवृत्ती पंधरा दिवसांनी येते. आज दुरुस्त केलेले लेबल पुढच्या आवृत्तीत गळून पडले तर पुन्हा याचिका करायची काय? कायद्याचे बळ पाठीशी असावे, पण रोजचे काम त्याने होणार नाही.

रोजचे काम तक्रारीच्या नेमकेपणाने होते. अ‍ॅपच्या दुकानात एक तारा देऊन ‘अंधांसाठी बेकार अ‍ॅप’ असे लिहिले की राग निघतो, एवढाच त्याचा उपयोग. डेव्हलपरला हवे असते ते असे: फोन कोणता, अँड्रॉइडची आणि अ‍ॅपची आवृत्ती कोणती, टॉकबॅक मराठी आवाजात चालू होते की इंग्रजी, कोणत्या पडद्यावर कितव्या घटकाशी काय ऐकू आले, काय ऐकू यायला हवे होते. पडद्याच्या आवाजासह केलेले अर्ध्या मिनिटाचे ध्वनिचित्रमुद्रण जोडले तर वाद उरत नाही. बहुसंख्य डेव्हलपरांनी टॉकबॅक कधी ऐकलेलेच नसते. त्यांना दोष दिसला की बहुधा लाज वाटते, आणि ती लाज कामी येते. मराठीतल्या अ‍ॅपबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती इंग्रजी मार्गदर्शिकांत फारशी सापडणार नाही. पडद्यावर सुंदर मराठी असते आणि लेबल मात्र डेव्हलपरने स्वतःसाठी ठेवलेल्या इंग्रजी संकेतनावाचे. मग मराठी आवाज ‘बीटीएन अंडरस्कोअर सेव्ह’ असले काही उच्चारतो. भाषा मराठी आहे ही खूण कोडमध्ये नसली तर स्क्रीन रीडर भलत्याच आवाजात वाचायला लागतो. आणि जोडलेली कागदपत्रे! शासन निर्णय आणि नोटिसा स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असल्या तर डोळ्यांना मराठी दिसते. आत एक तर अक्षरेच नसतात, नाहीतर रोमन अक्षरांची खिचडी असते. आपल्या मराठी संगणनाचे ते जुने दुखणे आहे. अंध वाचकाच्या वाट्याला त्याचा सर्वांत मोठा हिस्सा येतो, आणि त्यात अमेरिकन कंपनीचा काही दोष नाही.

तरीही नेमकी तक्रार योग्य माणसापर्यंत पोचतेच असे नाही. सरकारी वा सहकारी संस्थेचे अ‍ॅप निविदेने होते. काम एका कंपनीला, तिच्याकडून दुसरीला, आणि कोड लिहिणारा मुलगा कुठल्या तरी तिसऱ्याच शहरात. मदतवाहिनीवर बसलेल्या माणसाला तो कोण हेही माहीत नसते. अशा वेळी पटवायचे ते पैसे देणाऱ्याला. खरेदी केंद्रावरच्या वजनकाट्याची पडताळणी वजनमापे खाते करते. काटा खोटा असेल तर आधी किती शेतकऱ्यांनी तक्रार केली हे कोणी विचारत नाही, काटा बाजूला ठेवतात. अ‍ॅपलाही तीच कसोटी हवी, आणि तिच्यासाठी लागणारा मापदंड तयार आहे: आयएस १७८०२ हे भारतीय मानक ब्युरोचे मानक २०२१-२२ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवतात. त्यातून अंध तरुणाला स्मार्टफोन दिला आणि त्यातले त्याच संस्थेचे अ‍ॅप बोलले नाही, तर एका खिशातून दिलेली मदत दुसऱ्या खिशाने फुकट घालवली. म्हणून जिल्हा परिषद असो, नगर परिषद असो, सहकारी बँक असो की पतसंस्था, अ‍ॅपच्या पुढच्या करारात चार ओळी वाढवाव्यात. अ‍ॅप आयएस १७८०२ प्रमाणे असेल. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, मराठी आवाजात, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीने नोंदणीपासून पावतीपर्यंतचे काम एकटीने पूर्ण करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. ही चाचणी प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर पुन्हा होईल. आणि चाचणी करणाऱ्या व्यक्तीला त्या कामाचा मोबदला ठेकेदाराच्या रकमेतून मिळेल. सत्काराची शाल आणि श्रीफळ यांनी तो भागवता येणार नाही.